महाराणीचा चौथा सड

माझ्या जावेची गाय टीव्हीवर आली, त्या सकाळी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण नजर काही पडद्यावरून हलली नाही.

"गुणाची गाय हो," म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला एकदा तरी गुणाची म्हटलं असेल तर शपथ. आणि गाय कुठली, तर बुटकी! एक शिंग पूर्वेला, एक पश्चिमेला, पाठ खचलेली, रंग म्हणावा तर धड काळा नाही की तांबडा नाही. तिच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि शेजारी आमची केतकी नव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन, "मी काय केलं न्हाई, गायच गुणी हाय," असं लाजत लाजत सांगतेय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी राजश्री शेवाळे, निळेवाडीची. शेवाळ्यांची थोरली सून. केतकी धाकटी. दीर बंदरावर नोकरीला, वर्षातून दोनदा तोंड दाखवतात, म्हणून गोठा आम्ही दोघी जावाच बघतो. चुली वेगळ्या झाल्या, गाईही वाटून झाल्या, पण गोठा एकच राहिला आणि धारेचं मशीनही एकच. सासूबाई जायच्या आधी एक रीत घालून गेल्या: मशीन आधी थोरलीच्या गाईला लागायचं. मान असतो तो. लग्नात पहिला आहेर थोरल्या घरचा, तशी गोठ्यात पहिली धार थोरलीच्या गाईची.

माझी पहिली गाय म्हणजे महाराणी. उगाच नाव नाही ठेवलं. पांढरीशुभ्र, उंच, चालली की वाटेतली माणसं बाजूला व्हायची. तालुक्याच्या प्रदर्शनात तिनं जिंकलेल्या ढाली आमच्या सोप्यात मांडून ठेवल्यात, येणाऱ्याला आधी त्याच दिसतात. केतकी सणावाराला आमच्याकडं यायची आणि त्या ढाली बघत उभी राहायची. मी तिला मुद्दाम तिथंच चहा द्यायची.

तर दिवाळीनंतर महाराणीच्या कासेला मागून उजवीकडं हात लावला, तर कठीण लागलं. कासेचे चार कप्पे असतात, एकेका कप्प्याला एकेक सड. त्यातला तो एक कप्पा तापलेला, आणि दुधात कण्या. आमच्याकडं ह्याला दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी होते. पूर्वी डॉक्टर सडातून औषधाची नळी सोडायचे, चार दिवसांत गाय हिंडायला लागायची. आता तसं राहिलं नाही. माणसांना लागणारी औषधं वाचवायची म्हणून सरकारनं गाईगुरांवरची बरीचशी बंद केली, आणि जी राहिली ती नव्या जंतूला पुरणपोळीसारखी. खातो आणि धष्टपुष्ट होतो.

आमच्या दूध संघाच्या मुजावर डॉक्टर आल्या. समीना मुजावर, वयानं लहान, पण बोलणं एकदम सरळ. त्यांनी पिशवीतून मोबाईलएवढी काचेची पट्टी काढली. तिला सगळे काचेतली कास म्हणतात. दुधात गाईच्या स्वतःच्या काही पेशी गळून येतात, त्यातल्या थोड्या जिवंत असतात. त्या ह्या पट्टीतल्या केसाएवढ्या नळ्यांमध्ये रुजवायच्या. आठवड्याभरात त्या अस्तर धरतात, आणि खोटं नाही सांगत, त्या काचेत दूधसुद्धा करतात, टाचणीच्या टोकाएवढं. मग त्यात त्याच गाईचा जंतू सोडायचा आणि काय होतं ते पडद्यावर बघायचं.

मी बघितलं. माझ्या महाराणीच्या पेशींच्या पिवळसर रांगा, आणि त्यांच्यावर ते मेले बारीक गोळे, द्राक्षाच्या घडासारखे.

"बघा वहिनी," डॉक्टर म्हणाल्या, "साधा जंतू बाहेर दुधात फिरतो. औषध जातं आणि त्याला गाठतं. ह्याचं तसं नाही. ह्याच्या अंगाला चिकट हात आहेत. पेशीच्या भिंतीवर एक कडी असते, तो ती धरतो, आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते."

"स्वतःच?"

"स्वतःच. आत गेला की झोपतो. आपली बहुतेक औषधं वाढणाऱ्या जंतूला मारतात, झोपलेल्याचं ती काही करत नाहीत. शिवाय पेशीच्या आत औषध पुरेसं पोचतही नाही. रक्तातून आलेले शिपाई बाहेर गस्त घालत बसतात. औषध थांबलं की हा उठतो, पेशी फोडतो, आणि शेजारच्या पेशीत शिरतो. फुटलेल्या पेशीच्या जागी चिवट वण येतो. वणातून दूध येत नाही."

माझ्या डोळ्यांदेखत महाराणीच्या पेशी त्या गोळ्यांना एकेक करून आत घेत होत्या. दारात आलेल्याला या बसा म्हणायची आमच्या घराची सवय गाईलाही लागली की काय, कोण जाणे. मला रडूच आलं.

त्यानंतर एकेक करत गोठ्यातल्या बाकीच्या गाईंनाही दगडी झाली. माझ्या झाल्या, केतकीच्या झाल्या. राहिली ती फक्त बुटकी.

मुजावर डॉक्टर गोठ्यात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मशीन आधी कुणाला लावता?"

"महाराणीला," मी म्हटलं. "मान आहे आमचा."

"आणि मग?"

"शेजारी बुटकी बांधलेली असते, तिला. मग बाकीच्यांना."

"म्हणजे आजारी गाय आधी, आणि तिच्या सडांना लावलेले मशीनचे तेच पेले पुढं सगळ्यांना?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, जंतूला मानपान कळत नाही हो! निरोगी आधी, आजारी शेवटी, हे दूध केंद्रावरच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"मग केतकीनं बोलायचं होतं," मी म्हटलं. माझ्याकडं दुसरं काय होतं बोलायला? केतकी मान खाली घालून म्हणाली, "आक्कांचा मान, मी कसं बोलू?" आता हे बोलणं चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा, मला तर चांगलंच झोंबलं.

पण डॉक्टरांचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. त्या बुटकीकडं बघत होत्या. "हिला रोज महाराणीच्या पाठोपाठ तेच पेले लागले. सगळ्यांत जास्त जंतू हिच्याच कासेत गेले असणार. मग हिला कसं काय झालं नाही?"

बुटकीच्या पेशी काचेत घातल्या तेव्हा कळलं. जंतू तिच्या पेशीला हात मारायचा आणि निसटायचा. पुन्हा मारायचा, पुन्हा निसटायचा. तिच्या पेशीवरची ती कडी जन्मतःच वाकडी होती, शिंगांसारखी. धरायलाच येत नव्हती. बाहेर राहिलेल्या जंतूला मग शिपायांनी गाठून फस्त केलं. अशी गाय आख्ख्या राज्यात दुसरी नव्हती म्हणे. झालं! पुण्याहून माणसं आली, कॅमेरे आले, झेंडूचे हार आले.

आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू? मी माझा मान घट्ट धरला नसता, तर बुटकीला कुणी विचारलंही नसतं. दळण मी घातलं आणि पीठ तिनं नेलं.

संक्रांतीपर्यंत महाराणीचा मागचा उजवा कप्पा गेला आणि डावाही कठीण व्हायला लागला. दोघी गाभण होत्या, बुटकी आधी विणार, महाराणी तिच्या मागून. मुजावर डॉक्टर एक दिवस ओट्यावर बसल्या आणि त्यांनी नवा उपाय सांगितला.

व्यायच्या सुमारास कासेत नव्या पेशी धरतात. त्याच वेळी सडातून औषध सोडून आजारी अस्तर धुऊन काढायचं, आणि त्या जागी बुटकीच्या पेशी पेरायच्या. तशा पेशी दुधात थोड्याच येतात, पण व्यायल्यावरच्या पहिल्या चिकात भरपूर असतात. तो चीक कच्चा, लगेच मिळाला पाहिजे. महाराणीच्या अंगानं त्या पेशींना परकं म्हणून हाकलू नये म्हणून त्यांच्यावरची ओळखीची खूण प्रयोगशाळेत पुसून टाकतात.

"म्हणजे कास बरी होईल?" मी विचारलं.

"होईल. पण एक सांगते, आधीच सांगितलेलं बरं. दूध जे करतात ते पेशी करतात. पेशी बुटकीच्या, म्हणजे येणारं दूध बुटकीचं असेल. चव, साय, वास, सगळं."

मला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. "गाय माझी, वैरण माझी, शेण मी काढायचं, आणि दूध तिचं?"

"नाहीतर दूधच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

आमचे हे मधेच बोलले, "त्यात काय एवढं? दूध ते दूध." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून रानात निघून गेले.

चीक केतकीकडं मागायचा होता. ते काम डॉक्टर माझ्यावर टाकून गेल्या. मी दोन दिवस शब्द जुळवत होते. तिनं नाही म्हटलं तर हे म्हणायचं, टोमणा मारला तर ते म्हणायचं, अगदीच चढून बसली तर तिच्या लग्नातल्या मानपानाचा विषय काढायचा. शेवटी गोठ्यात तिला गाठली आणि म्हटलं, "केतकी, बुटकीचा पहिला चीक..."

"आक्का, त्यात मागायचं काय?" ती म्हणाली. "चरवी उकळून, उन्हात वाळवून ठेवलीया कवाच. यंदा खरवस न्हाई करायचा, सगळा चीक महाराणीला."

एवढंच. नाही म्हणाली नाही, टोमणा नाही, काही नाही. निदान थोडं तरी आढेवेढे घ्यायचे! माझे सगळे जुळवलेले शब्द तोंडातच राहिले. आणि वर भावकीतल्या बायका खरवसाची वाट बघून बघून थकल्या, तेव्हा त्यांना कारण कळलं, आणि जिच्या तिच्या तोंडी एकच: "काळीज मोठं हो धाकटीचं!" नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं आवडतीचं सगळंच गोड.

बुटकी व्याली. मग महाराणी व्याली, आणि तिला झाली कालवड, आईसारखीच पांढरी, कपाळावर तेवढा तांबूस ठिपका. इतकं देखणं वासरू मी जन्मात बघितलं नव्हतं. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, वासराला महाराणीच्या कासेजवळ जाऊ द्यायचं नाही. आजारी दूध पोटात गेलं तर वासरूही जाईल. मग त्याला पाजायचं काय? बुटकीचं दूध. केतकी बादलीत घेऊन यायची, दोन बोटं बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, आणि ते तिची बोटं चोखत चोखत बादलीत तोंड घालायचं. मी करायला गेले तर माझ्या हाताला ढुशी मारायचं. केतकी हसायची. "आक्का, आता ह्ये वासरू निम्मं आमचं झालं. दूध कुणाचं पिलंय?"

गमतीत म्हणाली, मला माहीत आहे. पण अशा गमती मला सोसत नाहीत.

पेरणी एका वेळी एकाच कप्प्याची करायची. मागचा उजवा आधी, मग मागचा डावा, मग पुढचा उजवा, कारण तोवर तोही कठीण व्हायला लागला होता. महाराणी शांत उभी राहायची. दगडासारखी कास हळूहळू कणकेसारखी मऊ झाली. पहिल्यांदा त्या मागच्या सडातून पांढरी धार निघाली, तेव्हा मी मशीन बाजूला ठेवलं, हातानं धार काढली, आणि महाराणीच्या पोटाला डोकं टेकून रडले. ते खरंच सुखाचं रडणं होतं.

ते सुख केंद्रावर जाईपर्यंत टिकलं. आता संघाच्या केंद्रावर वजनाबरोबर पेशींची आतली ओळखही घेतात, जंतूचं दूध कुठल्या गोठ्यातून आलं ते कळावं म्हणून. मी नव्या सडांच्या दुधाची किटली लावली. मशीननं दूध ओढलं आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात बोललं, "गाय बुटकी. मालक केतकी शेवाळे. दूध उत्तम."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. एकजण म्हणाली, "राजश्री, जावंचं दूध घालायला आलीस व्हय गं?"

"माझंच आहे!" मी ओरडले. "माझ्या महाराणीचं आहे!" मशीननं पुन्हा तेच सांगितलं. संघाचा माणूस म्हणाला, काकी, यंत्रात अजून तशी सोय नाही, पैसे तुमच्याच खात्यावर जातील, काळजी करू नका. पैशाचं कोण विचारत होतं? ढाली मिळवलेली गाय माझी, आणि ह्या किटलीत तिच्या नावाचं थेंबभरही दूध नाही म्हणजे काय? पुढं तर आमच्याच नाही, आजूबाजूच्या गावांतल्या आजारी गाईंमध्येही बुटकीच्याच पेशी पेरल्या जाणार होत्या. म्हणजे कुणाच्याही घरी चहा घ्या, तो केतकीच्या गाईचा.

राहिला होता महाराणीचा पुढचा डावा कप्पा. चौथा सड. तो अजून निरोगी होता, आतल्या पेशी तिच्या स्वतःच्या. डॉक्टर म्हणाल्या, तोही आत्ताच करून टाकू. जंतू शेजारच्या कप्प्यापर्यंत येऊन गेलाय, गोठ्यातही आहे, आज ना उद्या ह्या कप्प्यात शिरणार. आणि ह्या चिकातून वाढवलेल्या पेशींचा शेवटचा भाग आता उरलाय. काचेत फार वाढवल्या की पेशी म्हाताऱ्या होतात. पुढची संधी थेट बुटकीच्या पुढच्या विण्याला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी डॉक्टर सकाळीच आल्या. पेशींची छोटी थंड पेटी त्यांनी गव्हाणीवर ठेवली. म्हणाल्या, तीन कप्पे आता स्वच्छ आहेत आणि चौथाही अजून निरोगी आहे, वासराला आईकडं सोडायला हरकत नाही. ते ढुश्या देतं तेव्हा पान्हा चांगला उतरतो, मग कास रिकामी करून शेवटची पेरणी करू. आमचे हे गोठ्याच्या दारात उभे होते. केतकी बुटकीची धार काढून नुकतीच उठली होती.

मी वासराचं दावं सोडलं.

महाराणीला कळलं. तिनं कान टवकारले, मान वळवली, आणि अशा आवाजात हंबरली की तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिन्ही नव्या सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं, चौथ्यातूनही. इतके दिवस तिच्या नजरेसमोर बांधलेलं तिचं लेकरू आज सुटलं होतं.

ते धावलं. शेपूट वर करून, पाय झाडत धावलं, महाराणीच्या तोंडाखालून, तिनं चाटायला काढलेल्या जिभेखालून सरळ पुढं गेलं, आणि बुटकीच्या कासेला जाऊन लागलं.

दोघींच्या दुधाचा वास आता एकच होता. मग रोज जिकडून बादली यायची त्या सवयीच्या बाजूला ते गेलं, त्याचा काय दोष? बुटकीनं मागं वळून बघितलं आणि त्याला चाटायला लागली. महाराणी दाव्याला हिसके देत होती. हिसका, हंबरडा, हिसका. दावं मानेत रुतलं तरी थांबेना. आमचे हे "अरारारा" म्हणाले.

मला त्या जनावराच्या पोटातलं सगळं कळत होतं. त्या गोठ्यात मला जितकं कळत होतं तितकं कुणालाच कळत नव्हतं. आपल्या डोळ्यांदेखत आपलं माणूस दुसरीकडं जातं, ती दुसरी वाईटही नसते, तिनं काही हिसकावलेलंही नसतं, आणि म्हणूनच ते जास्त जळतं.

डॉक्टरांनी पेटी उघडली होती. "वहिनी, वासराला नंतर बघू. पेशी बाहेर फार वेळ टिकत नाहीत. धरा गाय."

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"हा सड राहू द्या तिचा तिला."

डॉक्टरांनी माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं. "अहो, जाईल तो कप्पा! महिन्यात जाईल, नाहीतर वर्षात. मग मी काही करू शकणार नाही. आणि तिथला जंतू बाकीच्यांना..."

"मशीन नाही लावणार त्याला. हातानं काढीन, सगळ्यांच्या शेवटी. मान गेला खड्ड्यात. पण हा राहू द्या. जाईल तेव्हा जाईल. तोवर त्या लेकराला आपली आई कुठली हे कळायला एक तरी जागा नको का?"

"ही भावनेची गोष्ट झाली वहिनी."

"झाली तर झाली."

आमचे हे डॉक्टरांना म्हणाले, "राहू द्या. तिनं एकदा नाही म्हटलं की झालं." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या बाजूनं बोलला. डॉक्टरांनी मान हलवली आणि पेटी बंद केली. त्या पेशी मग दुसऱ्या गोठ्यातल्या एका गाईला गेल्या.

मी वासराकडं वळले, पण केतकी आधीच पोचली होती. तिनं बुटकीच्या कासेपासून त्याला सोडवलं, दोन्ही हातांनी उचललं, आणि धडपडणारं ते वासरू छातीशी धरून महाराणीकडं आणलं. महाराणी त्याला चाटायला लागली, तोंड, कान, पाठ, जिथं जीभ पोचेल तिथं. वासरू गोंधळून कासेखाली तोंड फिरवू लागलं. मागच्या सडाला लागणार, एवढ्यात केतकीनं त्याची हनुवटी धरली, तोंड पुढं वळवलं, आणि बरोबर त्या चौथ्या सडाला लावलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

वासरानं एकदा सोडलं. वेगळी चव लागली असणार. केतकीनं पुन्हा लावलं, आणि ते प्यायला लागलं. महाराणीनं मान खाली टाकली, तिच्या अंगावरची थरथर थांबली.

केतकीनं हात पदराला पुसले आणि माझ्याकडं बघून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! हे तिच्या आधी मला का नाही सुचलं?